हात बांधायला सांगू नका, साहेब

मा. दिव्यांग कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

स. न. वि. वि.

मी सोलापुरात गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात कटिंग मास्तर आहे. जन्मापासून बहिरा. बायको बहिरी, आणि पावणेदोन वर्षांची आमची मुलगीही. (पत्र मीच लिहिलंय. 'बहिऱ्याला एवढं मराठी येतं?' असं विचारणारे भेटतात, म्हणून आधीच सांगून टाकतो.)

मध्यंतरी मुलीला एका तपासणी शिबिरात नेलं. सोबत वहिनी होती, तिला ऐकू येतं. डॉक्टर शेवटपर्यंत तिच्याशीच बोलले. माझ्याकडे वळून एकदा काहीतरी म्हणाले, तेही मास्क न काढता. वहिनीनं पाठकोऱ्या कागदावर लिहून दिलं: 'कानाच्या आत मशीन बसवायचं. सरकार पैसे देतं. उशीर नको. घरात हातवारे बंद करा, नाहीतर पोर बोलणार नाही.' पोर तेव्हा माझ्या मांडीवर बसून डॉक्टरांच्या पेनाकडे बोट दाखवत होती आणि तळहात पुढे करून मला 'दे, दे' म्हणत होती. बंद करायचे ते हातवारे हेच.

घाई करा हे डॉक्टरांचं म्हणणं बरोबर आहे. जन्मतः बहिऱ्या मुलाला कॉक्लिअर इम्प्लांटचा (म्हणजे ते मशीन; एक भाग ऑपरेशननं आत, एक कानामागे बाहेर) उपयोग व्हायचा तर पहिल्या काही वर्षांतच होतो; आवाज ओळखायला मेंदू तेव्हाच शिकतो. पण साहेब, भाषा शिकायची वर्षंही तीच. ऑपरेशन झालं की मूल लगेच बोलत नाही. जखम भरल्यावर मशीन सुरू करतात, मग महिनोन्‌महिने, कधी काही वर्षं स्पीच थेरपी. सगळ्यांना सारखा गुण येतो असंही नाही. आणि झोपताना बाहेरचं यंत्र काढलं की मूल पुन्हा बहिरंच. तोवर त्यानं आईला पोट दुखतंय हे कसं सांगायचं?

सोलापूरचं उदाहरण देतो. आमच्या पूर्व भागात घरात तेलुगू, बाजारात मराठी, शेजारी कुणी कन्नड तर कुणी उर्दू बोलणारा. पोरं चारही उचलतात. 'तेलुगू बंद करा, नाहीतर मराठी येणार नाही' असं इथं कुणी म्हणालं तर लोक हसतील. वडील यंत्रमागावर होते. मागाच्या खडखडाटात शेडमध्ये ऐकू येणाऱ्यांनाही एकमेकांचं ऐकू येत नाही. तार तुटली, कांडी संपली, मालक आला, चहा आला, सगळं हातांनी. लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन जायचो. गावात तेवढ्या एका जागी मी बहिरा नसायचो.

शाळेत मात्र हात हलवला की बोटांवर पट्टी बसायची. बाईंचे ओठ बघून 'प' आणि 'ब' ओळखायचे. करून बघा, दोन्हीला ओठ सारखेच मिटतात. पुढे वाचनात आलं की 1880 साली इटलीतल्या मिलान शहरात बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि शाळांतून खुणांची भाषा हद्दपार करायचं ठरलं. 2010 साली व्हँकुव्हरच्या परिषदेत त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त झाला. म्हणजे 130 वर्षांनी. आमच्याकडे तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सांकेतिक भाषा जाणणारे शिक्षक नेमा असं लिहिलंय, दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्रानं या भाषेचा 10,000 शब्दांचा कोशही काढलाय. शिबिराच्या टेबलावर यातलं काही नव्हतं. संमतीचा फॉर्म तेवढा होता.

मी मशीनच्या विरोधात नाही. बायको म्हणते करूया. तिला रस्त्यावर मागून येणाऱ्या ट्रकची भीती वाटते. माझं अजून ठरत नाही. बहिरेपणापायी मी कधी अंथरूण धरलेलं नाही, त्यामुळे 'मुलगी बरी होईल' हे वाक्य मला कळत नाही. आजारी कोण आहे?

म्हणून एवढंच मागतो. फॉर्मवर सही घेण्याआधी आईबापांची गाठ एखाद्या मोठ्या बहिऱ्या माणसाशी घालून द्या, इम्प्लांटवाल्याशीही आणि बिनइम्प्लांटवाल्याशीही. 'हातवारे बंद करा' असं सांगणं आपल्या खात्याच्या लेखी आदेशानं थांबवा. ऑपरेशनवर सरकार एका मुलामागे काही लाख खर्च करतं, चांगलंच आहे. त्याच मुलाच्या घरी आठवड्यातून दोनदा सांकेतिक भाषा शिकवणारं कुणीतरी पाठवा. ऐकू येणाऱ्या आईबापांना तर ते जास्तच लागेल, आम्हाला निदान भाषा येते. आणि मशीनची वायर तुटली, बॅटरी संपली तर अक्कलकोटच्या खेड्यातल्या मजुरानं कुणाकडे जायचं, तेही त्या फॉर्मवर छापा.

उत्तर कृपया लेखी द्यावं. फोन केलात तर वहिनी उचलेल, आणि पुन्हा सगळं तिच्याशीच बोलणं होईल.

आपला,
मुलीचा बाप, सोलापूर