गोठ्याची नावं

हॅलिफॅक्स, वेस्ट यॉर्कशायर
२२ ऑक्टोबर

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

परवा रविवारी टेकडीवरच्या एका जुन्या घरापाशी थांबलो आणि तुझी फार आठवण आली. इथे डोंगरात घर, कोठार आणि गोठा एकाच छपराखाली बांधत. घराचा मालक म्हातारा शेतकरी. मी ‘काउशेड’ म्हणालो, तर त्याने मान हलवली आणि सावकाश म्हणाला, ‘मिस्टल.’ मग दार उघडून आत नेलं. गाई जाऊन बरीच वर्षं झालीत, तरी वास तोच. दोन गाईंच्या मध्ये एक उभी दगडी फरशी, तिला म्हणतात ‘बॉस्किन’. मानेच्या घासण्याने तिची कड इतकी गुळगुळीत झालीय, की हात फिरवताना आपल्या गव्हाणीचं लाकूडच आठवलं.

हा ‘मिस्टल’ वेस्ट यॉर्कशायरचाच. डोंगर ओलांडून लँकेशायरात उतरलं की तोच गोठा ‘शिपन’ होतो. वर नॉर्थम्बरलंडात आणि स्कॉटलंडात ‘बायर’. पण मला वेड लावलं ते शिपनने, कारण तो एकदम पार दक्षिणेला डेव्हनमध्ये पुन्हा भेटतो! मधला मुलूख दुसरे शब्द वापरतो आणि जुना शब्द दोन टोकांना टिकून राहिला. लीड्स विद्यापीठाच्या लोकांनी १९५० ते १९६१ या काळात ३१३ ठिकाणी जाऊन वयस्कर माणसांना असले शेकडो प्रश्न विचारले, म्हणून हे नकाशावर दिसतं. किती मोठं काम केलं रे त्यांनी!

आणि ऐक. बीड नावाच्या इंग्रज ख्रिस्ती साधूने लिहिलेल्या ७३१ सालच्या लॅटिन इतिहासात कॅडमनची गोष्ट आहे. मेजवानीत आपल्यावर गायची पाळी येईल म्हणून तो उठून गोठ्यात गेला. त्या रात्री गुरं राखायचं काम त्याच्याकडेच होतं. तिथेच झोपेत त्याला गाणं सुचलं. जुन्या इंग्रजी भाषांतरात त्या गोठ्याला जो शब्द आहे, त्याचाच पुढे शिपन झाला. नाव माहीत असलेला पहिला इंग्रज कवी गोठ्यात घडला, दत्ता!

आता इथल्या कित्येक मिस्टलांमध्ये माणसं राहतात, पाटीवर नुसतं ‘बार्न’ लिहितात. मला वाईट वाटतं.

एक काम कर. दावण, गव्हाण, खुंटा, दावं हे मला आठवतं; पण दोन जनावरांमधल्या आडोशाला आपल्याकडे काय म्हणत, ते काही केल्या आठवेना. काकूंना विचारून लगेच कळव. त्यांना माझा नमस्कार.

तुझा,
विनू