आई-बाबा, पुढच्या वर्षी तारांगिरेला चला

ती. आई-बाबांना,

सा. न. वि. वि.

परवा रात्री पुण्याला सुखरूप पोचलो. फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता, तेवढ्यात आईच्या कुकरची शिट्टी होते आणि सांगायचं ते राहून जातं, म्हणून सविस्तर लिहायला बसले. मुद्द्याचं आधी सांगते. पुढच्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात मी तुम्हा दोघांना टांझानियाला नेणार आहे. "या वयात कुठे आफ्रिका" हे आईचं वाक्य मला इथे बसून ऐकू येतंय. आधी पत्र पूर्ण वाचा, मग बोलू.

बाबा, तुम्ही पहिला प्रश्न सिंहाचा विचाराल. सिंह दिसले, भरपूर दिसले. पण मी सुरुवात हत्तींपासून करते, कारण तुम्हाला न्यायचं मनात आलं ते त्यांच्यामुळे.

मुंबईहून नैरोबी, तिथून गाडीनं नमांगाला केनियाची हद्द ओलांडून टांझानियातलं अरुशा, आणि दुसऱ्या दिवशी तारांगिरे राष्ट्रीय उद्यान. तिथल्या प्रसिद्ध सेरेंगेटी उद्यानाच्या मानानं लहान, २,८५० चौरस किलोमीटरचं, आणि बरेच प्रवासी ते अर्ध्या दिवसात उरकतात. आत शिरताच पहिल्यांदा नजरेत भरतात ती गोरखचिंचेची झाडं. वसईच्या किल्ल्यात बाबांनी मला दाखवली होती तीच. आपल्या किनाऱ्यावर ती आफ्रिकेतून व्यापाऱ्यांबरोबर आली असं मानतात. इथे तिचं माहेर आहे आणि डोंगरउतारावर नजर जाईल तिथवर तीच उभी आहे. बहुतेक खोडांना माणसाच्या उंचीवर मोठमोठे खड्डे पडलेले. कोरड्या दिवसांत हत्ती सुळ्यांनी साल सोलतात आणि आतला ओलसर गाभा चघळतात.

पावसाळ्यात इथले हत्ती आजूबाजूच्या माळांवर पांगतात. जून ते ऑक्टोबर सगळीकडचं पाणी आटलं की तारांगिरे नदीच्या काठी गोळा होतात. दुपारी आमच्या चालकदादानं नदीच्या वळणावर गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि आम्हाला नुसती बोटानं खूण केली. पलीकडच्या काठानं एक कुटुंब उतरत होतं. पुढे एक म्हातारी हत्तीण. कानशिलं खोल गेलेली, एक सुळा अर्ध्यावर तुटलेला, कानाच्या कडा झिजून कातरल्यासारख्या झालेल्या. चार पावलांवर पाणी वाहत होतं, पण ते गढूळ. तिनं तिकडे पाहिलंही नाही. पुढच्या पायानं वाळू उकरायला लागली. थोडं उकरायचं, सोंडेनं ओली वाळू बाहेर टाकायची, थांबायचं, परत उकरायचं. खड्ड्यात हळूहळू निवळ पाणी झिरपलं. बाकीचे सगळे, अगदी भले मोठे, मागे उभे राहिले. एक पिल्लू तेवढं मध्ये घुसलं, त्याला सोंड नीट वापरता येईना, तर ते गुडघ्यांवर बसून तोंडानंच प्यायला लागलं. म्हातारीनं त्याला पिऊ दिलं. पोटभर पिऊन मग ती वर आली आणि आमच्या गाडीसमोर थांबली. सोंड उचलून वास घेतला. इतक्या जवळून की पापण्यांचे केस दिसत होते, लांब आणि धुळीनं माखलेले. मग ती रस्ता ओलांडून गेली आणि तिच्यामागून सगळे.

हत्तींच्या कुटुंबाची कारभारीण म्हणजे सगळ्यांत वयस्क मादी, हे बाबांना ठाऊक असेलच. पण तिचं वय नेमकं काय कामाला येतं, हे मला तिथे कळलं. १९९३ साली तारांगिरेत मोठा दुष्काळ पडला आणि पुष्कळ पिल्लं मेली. नंतर अभ्यास करणाऱ्यांना दिसलं की ज्या कुटुंबांच्या कारभारणी जास्त वयाच्या होत्या, ती कुटुंबं उद्यान सोडून बाहेर पाण्या-चाऱ्याच्या शोधात गेली आणि त्यांची पिल्लं जास्त वाचली. त्याआधीचा तसा दुष्काळ १९५८ ते ६१ चा. त्या वेळी लहान असलेल्या हत्तिणींना कुठे जायचं ते आठवत असावं, असा अभ्यासकांचा तर्क आहे. केनियातल्या अंबोसेली उद्यानात १९७२ पासून एकेका हत्ती कुटुंबाची नोंद ठेवतात. तिथे ध्वनिमुद्रित आवाज ऐकवून पाहिले, तर वयस्क कारभारणी ओळखीचे नि परके हत्ती आवाजावरून जास्त अचूक ओळखत होत्या. डरकाळी सिंहाची की सिंहिणीची हेही त्यांनाच चांगलं उमगत होतं. पिल्लाला खरा धोका नर सिंहाचा, म्हणून ते महत्त्वाचं.

बाबा, आता पुढचं वाचून तुम्हाला त्रास होईल, पण लिहिते. टांझानियात २००९ मध्ये सुमारे १ लाख ९ हजार हत्ती होते. २०१४ च्या मोजणीत जेमतेम ४३ हजार उरले. सगळं हस्तिदंतासाठी. सर्वांत मोठी हानी दक्षिणेकडच्या जंगलांत झाली. चोरटे शिकारी मोठे सुळे बघून मारतात, म्हणजे आधी जातात ते वयानं मोठे हत्ती. नंतर कडक कारवाई झाली आणि शिकार बरीच कमी झाली. पण मारली गेलेली कारभारीण जे जाणत होती, ते मागे राहिलेल्या तरुण माद्यांना कुठून मिळणार? त्या संध्याकाळी तंबूत बसून मी हाच विचार करत होते, आणि तुमची दोघांची फार आठवण आली.

आता सिंह. सेरेंगेटीच्या मध्यभागी सेरोनेरा म्हणून भाग आहे. तिथे माळावर ग्रॅनाइटचे मोठाले खडक उभे असतात, त्यांना कोप्ये म्हणतात, आणि त्यांच्यावर सिंहिणी पहुडलेल्या असतात. एक सिंहीण तर भर उन्हात उठून आमच्या गाडीच्या सावलीत येऊन आडवी झाली. पोट टम्म भरलेलं, धाप लागलेली, तोंडाभोवती माश्या. तुमच्या नातीनं श्वास रोखून धरला होता. रात्री तंबूतून डरकाळ्या ऐकल्या. त्या आठ-आठ किलोमीटरवर ऐकू जातात, त्यामुळे सिंह जवळ आहे की लांब काही कळत नाही आणि झोप येत नाही.

पण बाबा, तुम्हाला खरी मजा वेगळीच येईल. ताडोबाला मोहर्लीच्या गेटातून आत गेलं की तुम्ही आम्हाला गप्प बसवता आणि सांबराचा, वानराचा आवाज ऐकायला लावता. ताडोबात वाघ आधी कानाला सापडतो, मग डोळ्याला. सेरेंगेटीत उलटं. बांबू नाही, साग नाही, नुसतं गवत, आणि क्षितिजापर्यंत आडोसा म्हणून काही नाही. तिथे नजर लांब टाकायला शिकावं लागतं. गवताचा एखादा ठिपका थोडा जास्त पिवळा का दिसतोय? हरणं सगळी एकाच दिशेला तोंड करून का उभी आहेत? पहिले दोन दिवस मला काहीच दिसत नव्हतं, सगळं चालकदादा दाखवायचा. नंतर जमायला लागलं. आपलं ताडोबा कोअर (आतला गाभा) आणि बफर (भोवतालचा पट्टा) मिळून १,७२७ चौरस किलोमीटर, आणि सेरेंगेटी १४,७६३. तुमच्यासारख्या मुरलेल्या माणसाला तिथे नुसतं बसून पाहतानाही दिवस अपुरा पडेल.

चित्ताही दिसला. वारुळावर बसलेली आई आणि गवतात लपलेली तिची पिल्लं. आपल्याकडून १९५२ मध्ये चित्ता संपल्याचं जाहीर झालं आणि २०२२ मध्ये नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोला आणले, तेव्हा तुम्ही टीव्हीसमोरून हलला नव्हता. वारुळावरची ती आई शिकारीच्या बेतात होती. आणि तेवढ्यात चालकांच्या रेडिओवरून बातमी फुटली. बघता बघता दहा-बारा गाड्या आल्या, काही तर रस्ता सोडून गवतात घुसल्या. तिचा डाव फसला. चित्ता दिवसा शिकार करतो आणि त्याचं धावणं अर्ध्या मिनिटाच्या आत संपतं. एक संधी गेली की पिल्लं उपाशी. मला फार राग आला. आम्ही चालकदादाला गाडी मागे घ्यायला सांगितली, त्यानंही आनंदानं घेतली. ताडोबातल्या जिप्सींच्या गर्दीवर तुम्ही चिडता ते अगदी बरोबर आहे. हा रोग तिकडेही आहे, आणि तो आपल्यासारख्या पाहुण्यांनीच तिथे नेलाय.

लाखो विल्डबीस्टनी (गाईसारखं दिसणारं मोठं हरीण) मारा नदी ओलांडायची, ते दृश्य आम्हाला दिसलं नाही. त्यासाठी सप्टेंबरात उत्तरेला कोगातेंदेपर्यंत जावं लागतं. मला त्याची खंत नाही.

गोरोंगोरो विवराचं थोडक्यात सांगते. लोणार उल्केमुळे झालं, हे झालं ज्वालामुखीचा माथा आत खचून, सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी. सहाशे मीटर खोल, तळ साधारण २६० चौरस किलोमीटर, आणि त्यात गेंड्यांपासून पाणघोड्यांपर्यंत सगळे. जिराफ मात्र नाहीत. वरच्या कड्यावर एक साधं दगडी स्मारक आहे, मिखाएल ग्झिमेक या जर्मन तरुणाचं. वडिलांबरोबर विमानातून सेरेंगेटीतले प्राणी मोजण्याचं काम चालू होतं, त्या काळात जानेवारी १९५९ मध्ये गिधाडाला धडकून त्याचं विमान कोसळलं. चोवीस वर्षांचा होता. वडिलांनी ते काम पुढे चालू ठेवलं. आई, तिथे माझे पाय जरा जड झाले.

आणि तिथले गुरं पाळणारे मसाई लोक. १९५९ मध्ये सेरेंगेटीतून त्यांना बाहेर काढलं, आणि गोरोंगोरोत गुरांसह राहू देण्याचं ठरलं. आता २०२२ पासून तिथल्या कुटुंबांना शेकडो किलोमीटरवरच्या म्सोमेरा गावाला हलवणं चालू आहे. सरकार म्हणतं लोक स्वखुशीनं जातायत. अनेक मसाई म्हणतात, आम्हाला जायचं नाही. मेळघाटातली गावं उठली तेव्हाची बाबांची अस्वस्थता मला आठवली. जंगल वाचावं असं मलाही मनापासून वाटतं, पण ज्यांनी गुरं आणि वन्यप्राणी पिढ्यान् पिढ्या शेजारी ठेवले, त्यांनाच आधी घर सोडायला लावणं मला पटत नाही.

आता आईचे प्रश्न. जेवणाची काळजी करू नकोस. तिकडे चपाती रोजच्या जेवणात असते, भात असतो, आणि नारळाच्या दुधातली राजम्यासारखी उसळ तर तुला नक्की आवडेल. चिवडा-लाडू घे, पण प्लॅस्टिकच्या पिशव्यांत नको. २०१९ पासून टांझानियात त्यांना बंदी आहे. स्टीलचे डबे आणि कापडी पिशव्या घ्यायच्या. गोरोंगोरोच्या तळाशी जेवायला थांबतात तिथे डबा गाडीतच उघडायचा. घारी झडप घालतात, आमच्यासमोर एकाच्या हातातलं सँडविच गेलं. गडद निळे-काळे कपडे नकोत, त्या रंगांवर त्सेत्से माशी येते आणि कडकडून चावते. स्वेटर मात्र हवा. कड्यावर सकाळी दात वाजत होते, चंद्रपूरकरांना तर जास्तच वाजतील.

खडतर काय, तेही सांगते. कच्च्या रस्त्यांनी पाठ हलते. आईच्या कंबरेला ते सोसणार नाही, म्हणून तुम्हाला सेरेंगेटीला अरुशाहून छोट्या विमानानं न्यायचं. त्यात सामान साधारण पंधरा किलोच आणि मऊ बॅगेतच चालतं. गाडीची पायरी उंच आहे, पण घडीचं स्टूल मागितलं की देतात. वर उचलणाऱ्या छताखाली उभं राहून बघता येतं, बसूनही खिडकीतून छान दिसतं. रात्री तंबूतून एकट्यानं बाहेर पडायचं नाही, रखवालदार कंदील घेऊन सोबत येतो. बाबा, हे तुम्हाला विशेष सांगतेय.

सगळ्यांत महत्त्वाचं लशीचं. केनियामार्गे जायचं तर पिवळ्या तापाची लस आणि तिचं कार्ड लागतं, निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली. पण साठीनंतर ही लस पहिल्यांदा घेताना त्रासाची शक्यता थोडी जास्त असते, त्यामुळे नेहमीच्या डॉक्टरांना दोघांची सगळी औषधं दाखवून विचारा. मलेरियाच्या गोळ्यांचंही तेव्हाच विचारा. त्यांनी लस नको म्हटलं तर मार्गाचं मी बघते. तोवर बुकिंग करत नाही.

खर्चाचं मनावर घेऊ नका, ते आम्ही दोघांनी ठरवलंय. बाबांच्या पासपोर्टची मुदत कधी संपते ते कपाटातून काढून बघा. सहा महिन्यांहून जास्त शिल्लक लागते. आईनं रोज संध्याकाळी रामाळा तलावापर्यंत चालायला सुरुवात करावी. दिवाळीला येतेय, तेव्हा सगळे फोटो दाखवते, आणि तारखा तेव्हाच पक्क्या करू.

तुमची,
मनू