तक्रार : मी संपर्क क्षेत्राबाहेर नव्हतो, घराखाली होतो

दिनांक : २४ नोव्हेंबर २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
आमची मोबाइल कंपनी

विषय : भुयारी मेट्रोत रेंज नसणे, माझ्या आईची दिशाभूल करणे आणि १४ रुपये २४ पैसे परत मिळणे याबाबत.

महोदय,

मी गिरगावात राहतो आणि मरोळला एका कारखान्यात हिशेब लिहितो. अकरा वर्षं तुमचंच सिम वापरतोय. ९ ऑक्टोबरला भुयारी मेट्रोची ॲक्वा लाइन थेट कफ परेडपर्यंत सुरू झाली आणि मी लोकल सोडली. लोकलमध्ये घाम होता, पण रेंज होती. आता घाम नाही.

गेल्या मंगळवारी संध्याकाळी आईने मला फोन लावला, येताना कोथिंबीर आण सांगायला. तुमच्या बाईने तिला ऐकवलं, "आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता, ती व्यक्ती सध्या संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे." आईने तीनदा लावला, बाईने तीनदा तेच सांगितलं. त्या वेळी मी गिरगाव स्टेशनात गाडीतून उतरत होतो. आमची चाळ उलटी करून जमिनीत पुरली तर गच्ची जिथे येईल, साधारण तिथे फलाट आहे. म्हणजे आई ओट्याशी उभी होती आणि मी जवळजवळ तिच्या पायाखाली. या स्टेशनपायी आजूबाजूच्या इमारती उतरवल्या, त्यांची धूळ आम्ही वर्षानुवर्षं खाल्ली, आणि आता कुठे गाडीत बसायला मिळालं तर तुम्ही मला क्षेत्राबाहेर काढलंत! आई बाईच्या शब्दावर विश्वास ठेवते. तिने शेजारच्या काकूंना सांगितलं, "ऑफिसने बाहेरगावी पाठवलेला दिसतोय, मेल्याने कळवलंसुद्धा नाही." मी घरी पोचलो तेव्हा माझ्या वाटच्या पोळ्या लाटलेल्याच नव्हत्या.

मी तुमच्या ग्राहक सेवेला फोन केला. मुलगा फार नम्र होता.

"सर, आपण आत्ता त्याच ठिकाणी आहात का?"

"नाही. तिथे रेंज नाही."

"सर, आपण त्या ठिकाणाहून कॉल केलात तर मला टॉवर तपासता येईल."

पाच मिनिटं आम्ही दोघं याच वाक्याभोवती फिरलो. मग त्याने विचारलं, खिडकीजवळ जाऊन पाहिलंत का? पाहिलं. खिडकीत बोगदा आहे, आणि त्यात माझाच चेहरा दिसतो. "मग एकदा मोकळ्या जागेत जाऊन बघा, सर." साहेब, या मार्गावर २७ स्टेशनं आहेत, त्यातली २६ जमिनीखाली. उघड्यावरचं एकटं आरे. तुमच्या मुलाचा मान राखायचा म्हणून एका शनिवारी मरोळला न उतरता तीन स्टेशनं पुढे, आरेपर्यंत गेलो. गाडी वर आली, फोन थरथरला, आणि पहिला मेसेज तुमचा : "आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. सेवेबद्दल मत नोंदवा."

तुम्ही जमिनीखाली पाठवून दिलेल्या ग्राहकांचं तिथे काय होतं, ते एकदा येऊन बघाच. दादरला एक गृहस्थ बोलत बोलत आत आले. जिन्यातच फोन कटला असणार, पण चारचौघांत कबूल कसं करणार? सिद्धिविनायक येईपर्यंत "हो, हो, उद्या चेक टाकतो" असं ते कोणाला तरी सांगत राहिले. मधूनमधून समोरच्याचं ऐकूनही घेत होते. माझ्या बाजूच्या मुलीने फोटोंच्या गॅलरीतून दोनशे जुने स्क्रीनशॉट पुसले. एक जण दर स्टेशनला विमान मोड चालू-बंद करतो, देवळात शिरताना घंटा वाजवावी तसा. आणि ज्यांच्याकडे करण्यासारखं काहीच उरत नाही ते समोरच्याकडे बघतात. इथे बाकं समोरासमोर आहेत, लोकलसारखी विंडो सीट नाही, तिघांच्या बाकावर सरकून मिळणारी चौथी सीट नाही, 'कुठे उतरणार?' विचारायची सोय नाही. आठ डब्यांची थंडगार गाडी आणि सगळे एकमेकांच्या चपला बघतायत. माझी एक चप्पल शिवलेली आहे, ते आता विद्यानगरीपर्यंतच्या सगळ्यांना माहीत आहे.

सवयीने काही जण अजून दारातच उभे राहतात, केस उडतील या आशेने. धारावी आणि बीकेसीच्या मध्ये गाडी मिठी नदीखालून जाते. लोकलने आयुष्यभर माहीम सुटलं की नाकाला रुमाल लावला, वांद्रे आल्याचं नाकालाच आधी कळायचं. इथे नदी डोक्यावरून जाते आणि वासाचा पत्ता नाही. हे कोणाला तरी तिथल्या तिथे कळवावंसं वाटतं, आणि नेमकं तेव्हा फोनच्या डोक्यावर टॉवरला फुली असते.

माझ्या शेजारी बसणाऱ्याकडे दुसऱ्या कंपनीचं सिम आहे. त्याला काही स्टेशनांत दोन दांड्या येतात. त्या दोन दांड्यांवर तो माझ्याकडे असा बघतो की जणू त्याचा स्वतःचा फ्लॅट आहे.

आता हिशेब. हे माझं कामच आहे. तुमचा महिना २८ दिवसांचा (हा वेगळ्या पत्राचा विषय आहे). त्यातले चार रविवार वजा जाता २४ दिवस. जाताना ४० आणि येताना ४० मिनिटं, म्हणजे एकूण ३२ तास मी तुमच्या मते अस्तित्वात नसतो. २८ दिवसांचे तास ६७२. माझा रिचार्ज २९९ रुपयांचा. तेव्हा दर रिचार्जमागे १४ रुपये २४ पैसे परत करावेत. आरेच्या फेरीचं भाडं मी मागत नाही, ती चूक माझी.

दुसरी मागणी बिनपैशाची आहे. बाईचं वाक्य बदला. "ती व्यक्ती सध्या जमिनीखाली आहे" म्हणू नका, आई घाबरेल. "ती व्यक्ती मेट्रोत आहे, पोळ्या लाटायला घ्या" एवढं पुरे.

आपला,
क्षेत्राबाहेरचा ग्राहक, गिरगाव

ता. क. : उत्तर फोनवर देऊ नये, मी गाडीत असेन. पत्राने द्यावे. पोस्टमनला आमचा जिना सापडतो.