सर्व्हिसवाल्यांची नोकरी ती नोकरी नाही का?

संपादक महोदय,
अमेरिकेत ट्रेड अ‍ॅडजस्टमेंट असिस्टन्स नावाची स्कीम होती, इम्पोर्टमुळे किंवा काम परदेशात गेल्यामुळे नोकरी गेली की ट्रेनिंग आणि भत्ता मिळायचा, पण कित्येक वर्षं मुख्यतः कारखान्यातल्यांनाच, कॉल सेंटर, सॉफ्टवेअर अशा सर्व्हिसवाल्यांसाठी (म्हणजे सेवा क्षेत्रातल्यांसाठी) दार नीट उघडलं ते २००९ च्या कायद्याने, तेही पुढे उघडझाप करत राहिलं. आमच्या ऑफिसात शेजारच्या टेबलवरच्या बाईंनी महिनाभर व्हिडिओ कॉलवर पुण्याच्या पोरांना काम शिकवलं आणि मग चहाचा मग नि मुलांचे फोटो खोक्यात भरून गेल्या, मला मराठीत सांत्वनही करता येईना. १ जुलै २०२२ पासून तर नवे अर्ज मंजूरच होत नाहीत, कारखानेवालेही बाहेर. स्कीम परत आणा आणि यावेळी सर्व्हिसवाल्यांना पहिल्यापासून धरा.
- एक वाचक, न्यू जर्सी