सेवाग्रामहून आई-बाबांना

ती. बाबा आणि ती. आई,
सा. नमस्कार.

परवा फोनवर आईने दोनदा विचारलं, "आश्रमात कशाला गेलीस? सगळं बरं आहे ना?" अगं, सगळं बरं आहे. नोकरी शाबूत आहे, संन्यासही घेत नाहीये. रजा शिल्लक होती आणि कुठे धावत सुटायचं नव्हतं, एवढंच.

आश्रमासमोरच्या यात्री निवासात उतरलेय. बसेस येतात, माणसं भराभर बापू कुटीत शिरतात, व्हाइसरॉयने बसवून दिलेल्या टेलिफोनची जागा बघतात, साप पकडायचा चिमटा बघतात (मारायचे नाहीत, म्हणून धरून लांब सोडायचे), फोटो काढतात आणि जातात. दिवसभर रेंगाळलं की बाकीचं दिसायला लागतं. कुटी मुळात गांधीजींच्या शिष्या मीराबेननी स्वतःसाठी बांधलेली. भिंतीवर मातीत उठवलेली ताडाची झाडं त्यांच्याच हातची. पलीकडे परचुरेशास्त्र्यांची कुटी आहे. संस्कृतचे पंडित, पण कुष्ठरोग झालेला. गांधीजी स्वतः त्यांना मालिश करायचे. त्या कुटीकडे फारसं कुणी फिरकत नाही. मी तिथेच सगळ्यात जास्त वेळ बसले.

संध्याकाळी सहाला उघड्यावर प्रार्थना होते, 1936 साली लावलेल्या पिंपळाजवळ. सुरुवात जपानी बौद्ध मंत्राने होते. बसायचं जमिनीवर, त्यामुळे बाबांनी आपली घडीची खुर्ची आणावी. कुणी हसणार नाही.

पण खरं सांगायचंय ते इथून जवळच असलेल्या पवनारच्या विनोबांच्या आश्रमाबद्दल. बाबा, धुळ्याच्या जेलवरून जाताना तुम्ही दर वेळी सांगता ना, की विनोबांनी 1932 मध्ये इथे गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली? त्या प्रवचनांतच रामापासून दूर राहूनही रामाचाच असलेला भरत येतो. पुढे विनोबा पवनारला, धाम नदीकाठी राहायला आले आणि शेत खणताना जमिनीतून दगडात कोरलेली भरत-राम भेट निघाली. ती मूर्ती आजही तिथे आहे. मूर्तिशास्त्राचं मला काही कळत नाही, पण धुळ्याच्या माणसाने ती बघितलीच पाहिजे.

आईसाठी वेगळं कारण आहे. 1959 मध्ये विनोबांनी तिथे स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर काढलं. शेती, स्वयंपाक, झाडलोट सगळं त्या भगिनींनीच करायचं, आणि निर्णय सर्वांच्या संमतीने. प्रमुख अशी कुणी नाहीच. आपल्या सोसायटीच्या मीटिंगा आठवून मला हसू आलं. बऱ्याच जणी आता तुझ्याहून मोठ्या आहेत. सकाळी साडेदहाला विष्णुसहस्रनाम असतं. तू घरी कुकरच्या शिट्ट्या मोजत म्हणतेस तेच, फक्त कुकर नाही.

तुमच्या त्या टूरसारखं इथे काही नाही, हे आधीच सांगते. पहाटे पाचला दाराबाहेर बॅगा नाहीत आणि 'आज तीन मंदिरं झाली' असा हिशोबही नाही. जेवण साधं, तिखट कमी, बाबांना लोणचं लागेल. पहिल्या दुपारी मलासुद्धा कंटाळा आला होता. तो येऊ द्यावा, तासाभरात जातो.

धुळ्याहून जळगावपर्यंत एसटी, तिथून रात्रीच्या गाडीने सकाळी वर्ध्याला. पुढे रिक्षा. एप्रिल-मे नको, वर्ध्याचं ऊन तुम्हाला सोसणार नाही. 12 फेब्रुवारीलाही नको. गांधीजींच्या अस्थी धाम नदीत सोडल्या त्या दिवशी पवनारला मेळा असतो. त्यापेक्षा डिसेंबर बरा. मी पुण्याहून येईन, चार-पाच दिवस राहू.

दोघांनाही लोअर बर्थ मिळेल अशीच तारीख धरते. चालेल का ते कळवा. आणि बाबा, कट्ट्यावर एवढ्यात बोलू नका, नाहीतर शेवटी बसच ठरेल.

तुमची,
धाकटी