स्क्लेरोडर्माच्या रुग्णांना जिल्ह्यातच प्रशिक्षित परिचारिका मिळावी

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सादर नमस्कार.

थंडीत भांडी विसळताना माझ्या आईची बोटे पांढरीफटक पडत, मग निळी होत आणि ऊब मिळाली की लालबुंद होऊन ठणकत. तालुक्याच्या गावी दोन वर्षे तिला रक्तवाढीच्या गोळ्या मिळत राहिल्या. तोवर कातडी इतकी ताठरली की मूठ मिटेना आणि भाकरीचा घास घेण्यापुरतेही तोंड उघडेना. स्क्लेरोडर्मा हे नाव आम्ही पहिल्यांदा ऐकले ते पुण्यातील संधिवाततज्ज्ञांकडून.

शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटून त्वचेत आणि आतल्या अवयवांत कोलॅजन हे ताठरपणा आणणारे प्रथिन साठवणारा हा आजार संसर्गजन्य नाही (शेजारपाजारी हे अजूनही सांगावे लागते), आणि तो पुरुषांपेक्षा स्त्रियांना कितीतरी अधिक होतो. तो पूर्ण बरा करणारे औषध नसले, तरी फुफ्फुसे आणि मूत्रपिंडे वेळीच सांभाळता येतात, आणि त्यातला रोजचा मोठा भाग परिचारिकेच्या हातातला आहे.

आईला धाप लागली म्हणून दवाखान्यात नेले, तेव्हा बोटाला लावलेला, रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर ७८ दाखवत होता आणि सगळ्यांची धावपळ उडाली. एका सिस्टरांनी तिचे बोट हातात घेतले, ते बर्फासारखे गार लागताच सेन्सर कानाच्या पाळीला लावला, आणि आकडा ९५ आला. बोटे बधिर असताना चुलीजवळ धरू नयेत, भाजले तरी कळत नाही. जेवल्यावर लगेच आडवे होऊ नये. बोटाच्या टोकावरची लहानशी जखमही अंगावर काढू नये, हे सगळे त्यांनीच आम्हाला शिकवले. त्या सिस्टरांची बदली झाली आणि ते ज्ञानही त्यांच्याबरोबर गेले.

सर्वांत मोठी काळजी रक्तदाबाची आहे. या आजारात तो अचानक चढून काही दिवसांत मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. रक्तदाब उतरवणाऱ्या एसीई इनहिबिटर गटातील औषध तातडीने सुरू झाले तर मूत्रपिंडे वाचण्याची आशा असते. स्टेरॉइडच्या मोठ्या मात्रेने हा धोका वाढतो, आणि सांधेदुखीवर आपल्याकडे त्याच गोळ्या किती सहज दिल्या जातात हे आपण जाणताच.

म्हणून विनंती आहे की, प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या असंसर्गजन्य रोग कक्षातील किमान एका परिचारिकेला वैद्यकीय महाविद्यालयात या आजाराचे प्रशिक्षण द्यावे, तिची बदली झाल्यास दुसरी तयार असावी, आणि गावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात या रुग्णांचा रक्तदाब नियमित मोजून तो चढल्यास त्याच दिवशी ई-संजीवनी या सरकारी दूरवैद्यकीय सेवेवरून तज्ज्ञांशी बोलणे करून द्यावे. यासाठी नवी इमारत लागत नाही.

सध्या आईचा रक्तदाब मी घरीच मोजून वहीत लिहिते. ती वही दाखवायला आम्हाला पहाटेच्या एसटीने पुण्याला जावे लागते.

आपली विश्वासू,
एका रुग्णाची मुलगी