टेनेसी स्टेटला जातोयस तर हे वाचून जा

प्रिय ओंकार,

काल परत एका नातेवाइकाने फोनवर विचारलं, अमेरिकेत एवढी कॉलेजं पडलीयत आणि तुम्ही पोराला काळ्या लोकांच्या कॉलेजात काहून पाठवून राहिले, रँकिंग तरी बघितलं का. त्यांना जे सांगायचं ते मी सांगितलं, पण तुझ्याही मनात कुठेतरी ही शंका बसली असेल तर ती नॅशव्हिलला उतरायच्या आधी निघून जावी असं वाटलं, म्हणून लिहायला बसले. व्हॉट्सॲपवर एवढं मोठं तू वाचत नाहीस हे मला माहितीय, हे मात्र पूर्ण वाच.

तू ॲग्रीचा मुलगा, म्हणून आधी तुझ्या कामाचं. १८९० मध्ये अमेरिकेत एक कायदा झाला, त्यात केंद्र सरकार राज्यांना म्हणालं की शेतकी कॉलेजांसाठी आमचा पैसा हवा असेल तर काळ्या मुलांना तिथे प्रवेश द्या, नाहीतर त्यांच्यासाठी वेगळं कॉलेज काढा. टेनेसीने वेगळं काढायचं ठरवलं आणि त्याचा कायदा व्हायलाच १९०९ उजाडलं. १९ जून १९१२ ला २४७ विद्यार्थी घेऊन ते सुरू झालं, विल्यम जॅस्पर हेल हे पहिले प्रमुख. सुरुवातीला मुलं आणि मास्तर मिळून जमिनीतले दगड वेचायचे, पीक काढायचे, आणि एक तास संपला की खुर्च्या उचलून पुढच्या वर्गात न्यायचे. वेगळं काढा म्हणून राज्याने हात झटकले होते, आणि ते उभं केलं या लोकांनी. मला तर ते खुर्च्यांचं वाचूनच भरून आलं.

आता जे तुला सांगायचंच होतं ते. जेम्स लॉसन हे नाव ऐकलंयस का कधी? कोरियाच्या युद्धात भरती व्हायला नकार दिला म्हणून तुरुंगात गेलेला तरुण मुलगा, तो १९५३ मध्ये मिशनरी म्हणून आपल्या नागपुरात आला, हिस्लॉप कॉलेजात खेळाचा कोच होता, आणि इथे राहून त्याने गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास केला. मी हिस्लॉपचीच, तर ज्या ग्राउंडवर आम्ही डबे खात बसायचो तिथे हा माणूस पोट्ट्यांना खेळ शिकवत होता हे कळलं तेव्हा अंगावर काटा आला. अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात काळ्या लोकांनी भेदभाव करणाऱ्या बसेसवर बहिष्कार टाकला, ती बातमी त्याने नागपुरातच पेपरात वाचली. १९५६ ला परत गेला, मग मार्टिन ल्यूथर किंगना भेटला, ते म्हणाले दक्षिणेत ये, वाट बघू नकोस, आणि हा नॅशव्हिलला जाऊन राहिला.

तिथे एका चर्चच्या तळघरात त्याने कॉलेजच्या मुलामुलींची शिबिरं घेतली, नॅशव्हिलमधल्याच फिस्क आणि मेहॅरी या काळ्यांच्या कॉलेजांतली मुलं, आणि तुझ्या टेनेसी स्टेटची, तेव्हा त्याला टेनेसी ए अँड आय म्हणायचे. शिबिरात काय तर खुर्च्या मांडून त्यालाच लंच काउंटर, म्हणजे दुकानातला बसून खायचा काउंटर, मानायचं, अर्ध्या मुलांनी बसायचं आणि बाकीच्यांनी गुंड बनून त्यांना शिव्या द्यायच्या, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा, खुर्चीवरून ढकलायचं, आणि बसलेल्याने उलट हात उचलायचा नाही. म्हणजे मार खायची प्रॅक्टिस रे! १३ फेब्रुवारी १९६० ला ही मुलं खरोखर जाऊन बसली, कारण त्या दुकानांत काळ्यांकडून सामानाचे पैसे घेत होते पण काउंटरवर बसून खाऊ देत नव्हते. त्यांच्याजवळ नियम लिहिलेले असायचे, उलट मारू नका, शिवी देऊ नका, ताठ बसा, तोंड काउंटरकडेच ठेवा. २७ फेब्रुवारीला त्यांना मारहाण झाली आणि अटक मात्र यांनाच झाली, ८१ जणांना. ५० डॉलर दंड भरा म्हणाले तर मुलांनी तुरुंगच पत्करला. तुझ्याच वयाची होती रे सगळी.

१९ एप्रिलच्या पहाटे त्यांचे वकील लूबी यांच्या घरावर बॉम्ब टाकला, घराची मोडतोड झाली पण नवरा-बायको वाचले. त्याच दिवशी हजारो लोक तुझ्या कॅम्पसपासून जेफरसन स्ट्रीटने मोर्चा घेऊन निघाले, एक घोषणा नाही, नुसते पाय वाजत होते. मेयरसमोर डायान नॅश नावाच्या फिस्कच्या मुलीने सरळ विचारलं की हा भेदभाव चूक आहे असं तुम्हाला वाटतं की नाही, आणि त्याला हो म्हणावं लागलं. १० मे ला काउंटर उघडले. पुढच्या वर्षी फ्रीडम राइडला, म्हणजे बसमधला भेदभाव मोडायला काळे-गोरे मिळून दक्षिणेत बसने जायचे त्यात, गेले म्हणून तुझ्या कॉलेजच्या १४ विद्यार्थ्यांना काढून टाकलं, त्यांना २००८ मध्ये मानद डॉक्टरेट दिली. ४७ वर्षांनी!

बाबांनी तुला विल्मा रुडॉल्फचं सांगितलंच असेल, पोलिओमुळे पायाला ब्रेस लागलेली मुलगी, १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये तीन गोल्ड. ती टेनेसी स्टेटचीच, आणि चार बाय शंभर रिलेमधल्या चौघीही तिथल्याच, कोच एड टेंपलच्या टायगरबेल्स, म्हणजे तिथल्या मुलींच्या धावण्याच्या टीममधल्या. टीव्हीवाली ओप्रा विन्फ्रीही तिथलीच.

पैशाचं मात्र ऐकून रागच येतो. राज्याने जो वाटा द्यायला हवा होता तो वर्षानुवर्षं दिलाच नाही. २०२१ मध्ये त्यांच्याच विधिमंडळाच्या समितीने हिशोब केला तर थकबाकी १५ कोटी ते ५४ कोटी डॉलरच्या मधे निघाली, मग २०२२ ला इमारतींसाठी २५ कोटी दिले, आणि २०२४ मध्ये उलट कॉलेजचा कारभार बघणारं अख्खं बोर्डच बदलून टाकलं. त्यामुळे एखादी लॅब जुनी दिसली किंवा ऑफिसात एका सहीसाठी चार चकरा झाल्या तर लगेच हे लोक असेच असं म्हणू नकोस. शंभर वर्षं अर्ध्या पैशात पूर्ण काम केलंय त्यांनी.

आणि एक गोष्ट आई म्हणून स्पष्ट सांगते. आपली काही पोरं तिकडे जाऊन आपसात त्यांच्याविषयी घाणेरडं बोलतात, अंधार पडला की त्या भागात जाऊ नको असं एकमेकांना शिकवतात. सगळीकडे घ्यायची तेवढी काळजी घे, पण असलं बोलणं तुझ्या तोंडी आलं तर मला सहन होणार नाही. चार देशी पोरांच्या फ्लॅटमध्ये कुकर लावून दोन वर्षं काढून परत येऊ नकोस. बेलव्ह्यूला गणपतीचं देऊळ आहे तिथे जरूर जा, पण मॅचलाही जा. त्यांचा बँड ऐक, २०२३ मध्ये ग्रॅमी मिळालीय त्यांना, कॉलेजच्या मार्चिंग बँडला पहिल्यांदाच. फ्रॅटर्निटीवाले, म्हणजे तिथल्या विद्यार्थी-मंडळांची पोरं, पायाने ताल धरत नाचतात ते बघ, कँटीनमध्ये बिनधास्त कुणाच्याही टेबलवर जाऊन बस आणि त्यांच्या आजी-आजोबांचं विचार, बऱ्याच जणांच्या घरातली दुसरी-तिसरी पिढी याच कॉलेजात शिकतेय.

होमकमिंगची, म्हणजे माजी विद्यार्थी कॉलेजात परत येतात त्या सोहळ्याची, परेड त्याच जेफरसन स्ट्रीटवरून सकाळी निघते म्हणजे इकडे संध्याकाळ, तर व्हिडिओ कॉल लाव, मला आणि बाबांना दोघांनाही बघायचीय. आणि लंच काउंटर होते त्या रस्त्याला आता त्या काउंटरवर बसलेल्या मुलांपैकीच एक, जॉन लुईस, याचं नाव दिलंय, तिथे जाऊन ये आणि फोटो पाठव, मी हिस्लॉपच्या ग्रुपवर टाकणारेय.

सावजी मसाला निळ्या बॅगेत खालच्या कप्प्यात आहे, डबल पिशवीत घातलाय. पोचलास की आधी फोन कर.

तुझी,
आई